सुपडाबाईचे ‘येस’

खानदेशात जायचे तर हिवाळ्यात जा, असे ज्याने त्याने बजावले होते, म्हणून आम्ही पौषात निघालो. आम्ही म्हणजे मी आणि तात्या. तात्या आमच्या संस्थेचे चिटणीस. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अंगात खादीचा गळाबंद कोट आणि प्रत्येक शब्द तोलून बोलण्याची सवय. आमची संस्था पुण्यात विधवा आणि टाकलेल्या मुलींना ठेवून घेते, शिकवते आणि शिक्षिका करून आपल्या पायांवर उभे करते. मी तिथलीच विद्यार्थिनी आणि आता तिथलीच मास्तरीण. त्या वर्षी खानदेशातल्या एका मुलीसाठी फुकट जागा ठेवायचे ठरले, कारण तिकडच्या खेड्यांत मुलींना शिकवायला बाई मिळत नाही अशी ओरड होती. मुलगी पारखून आणायला आम्हा दोघांना धाडले.

एक जागा म्हणजे काय असते हे मला कोणी सांगायला नको. वाईच्या घरात माझी ऐन उमेदीची वर्षे स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत गेली. मग मामांनी खटपट केली, कुणीतरी मला ओसरीवर समोर बसवून चार प्रश्न विचारले आणि माझा जन्म पालटला. त्यामुळे कोणाला हो म्हणायचे आणि कोणाला नाही, या कामाचा मला धाकच वाटत होता. तात्यांनाही वाटत असावा. आमच्या हातून पुढे जे झाले ते हलगर्जीपणाने झाले नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

जळगाव

जळगावात पाऊल टाकल्यापासून कापूस. रस्त्यावर कापूस, बाभळीच्या काट्यांना लटकलेला कापूस, गाड्यांच्या चाकांत कापूस आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांची दिवसभर घरघर. माझ्या काळ्या शालीवर इतका चिकटला की तात्या म्हणाले, जातानाची उशी इथेच भरून होईल. ते क्वचित विनोद करतात, म्हणून लिहून ठेवला.

जिथे उतरलो होतो तिथल्या बाईंनी अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजली. आमच्याकडे वांगे निखाऱ्यावर किंवा चुलीत ढकलतात. इथे काड्यांचा जाळ धडधड लागतो आणि एवढी मोठी हिरवी वांगी बघता बघता मऊ होतात. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर ठेचून भरीत. तात्यांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या संपवला. मी मात्र दोनदा मागून घेतले.

तिथली मुलगी चांगल्या घरची होती, पण तिला आम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिचे सासरे देत होते. तिला वाचता येते का, तर सासरे म्हणाले, उत्तम. तिची इच्छा आहे का, तर सासरे म्हणाले, पूर्ण. तात्यांनी शेवटी नम्रपणे विचारले, तर आपणच पुण्याला येता का? तो दिवस तिथेच संपला. पदराआड बसलेल्या त्या मुलीचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही, आणि तिच्या मनात काय होते हे मला आजही माहीत नाही.

धुळे

पाचोरा मागे टाकून चाळीसगावला गाडी बदलली आणि धुळ्याला उतरलो. धुळे मला आवडले. पेठेतले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि पांझरेच्या काठाने सकाळी चांगला गारवा. मुलींच्या शाळेच्या मुख्य बाईंनी ओट्यावर सतरंजी घालून ठेवली होती. तुमच्या कामाची मुलगी माझ्याकडे एकच आहे, असे म्हणून त्यांनी आम्हाला सगळी हकिकत आधी सांगितली.

मुलीचे नाव सुपडाबाई. थोरल्या भावाच्या पाठची भावंडे जगत नव्हती म्हणून जन्मल्याबरोबर तिला सुपात घातले होते, तेच नाव पडले. पांझरेकाठच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी वाढली. लहानपणी लग्न झाले आणि नांदायला जायच्या आतच नवरा पटकीने गेला. बाप हौशी, त्याने तिला मुलांच्या शाळेत बसवून चौथीपर्यंत शिकवले. आता बाप नाही, थोरला भाऊ हिरामण घर चालवतो. गावात मास्तर आहे, पण पुरुष मास्तरासमोर कोणी मुलगी पाठवत नाही. शिकून यायचे आणि आपल्याच गावात मुलींची शाळा धरायची, एवढे एकच त्या पोरीने मनात घेतले होते.

आणि दुसरीकडे पाट होता. खानदेशातल्या शेतकरी घरांत विधवेचे दुसरे लग्न लागते, त्याला पाट लावणे म्हणतात. शेजारच्या गावच्या एका बिजवराने तिला मागणी घातली होती. जमीन भरपूर, पहिलीची तीन मुले, वय हिरामणच्या वडिलांइतके. हिरामणने त्याला थांबवून ठेवले होते. पुण्याची जागा मिळाली तर बहीण शिकायला जाईल, नाही मिळाली तर होळीच्या आत पाट.

आमच्या समाजात विधवेला कुंकू नाही, म्हणून पाटाची चाल मला नेहमी सुधारलेली वाटत आली होती. त्या ओट्यावर पहिल्यांदा कळले की इथे कुंकू आहे, पण विचारणे नाही. बाईंचा वर्ग भरायची वेळ झाली, त्या आत गेल्या आणि हिरामण बहिणीला घेऊन आला.

ती भावापेक्षा उंच होती. नेसूचे जाडेभरडे लुगडे, आणि बोटांना कापसाची बोंडे वेचून पडलेल्या चिरा. हिरामणने तिला वाटेत बजावले होते म्हणे, की पुण्याची माणसे आहेत, फार बोलू नको, विचारतील तेवढेच सांग. हे आम्हाला फार उशिरा कळले. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि तात्यांनी सुरुवात केली.

‘वाचता येतं?’

‘येस.’

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना मुलींच्या तोंडचे इंग्रजी खपत नाही. पुण्यात अलीकडे ‘येस’, ‘नो’, ‘थँक्यू’ करणाऱ्या मुली दिसू लागल्या आहेत आणि तात्या त्यांच्याकडे पाठ करून बसतात. तरी त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न केला, हिशेब येतो का. ती म्हणाली, येस. शिवण येते का. येस. चेहरा सरळ, डोळे खाली, आणि उत्तर हे असे. मलाही ते उद्धट वाटले. चौथी शिकलेली खेड्यातली पोर, आणि कुणाकडून तरी ऐकलेला एक शब्द आम्हाला दिपवायला घेऊन आली आहे, असे माझ्याही मनात आले.

‘म्हणजे इंग्रजीही चांगलंच येत असेल?’ तात्यांनी विचारले. त्या आवाजातला टोमणा पुण्यातल्या कोणालाही कळला असता.

तिने पहिल्यांदा मान वर केली. ‘नही,’ ती म्हणाली.

झाले. इंग्रजीत उत्तरे द्यायची आणि इंग्रजी येत नाही म्हणायचे! तात्यांनी चष्मा काढून पुसला. पुस्तक हातात देऊन वाचून घ्यायचे होते, पाटीवर गणित घालायचे होते, ते सगळे राहिले. ठीक आहे, कळवू, एवढेच ते म्हणाले. मुख्य बाई वर्ग सोडून धावत आल्या तेव्हा आम्ही मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो होतो. का नको, असे त्यांनी विचारले. तात्या म्हणाले, मुलगी हुशार असेल, पण खरे बोलत नाही, आणि जी खरे बोलत नाही तिच्या हाती मी मुली देणार नाही. बाई मान खाली घालून वर्गाकडे वळल्या. ओट्याखाली हिरामण उभा होता, त्याने ते ऐकले. सुपडाबाई आमच्या पाया पडली आणि भावाच्या मागे चालू लागली. ती रडली वगैरे नाही. एकदा वळून पाहिले, आमच्याकडे नव्हे, शाळेकडे.

दोंडाईचा

दोंडाईच्याला एक मुलगी पाहायची शिल्लक होती, आणि तिथून रेल्वेने परत फिरायचे होते. धुळ्याहून सर्व्हिसच्या मोटारीने निघालो. ड्रायव्हर रसूलभाई म्हणून धुळ्याचेच, मोठे बोलके. वाटेत टायर बसला आणि आम्ही बराच वेळ एका निंबाखाली धुळीत उभे होतो. दोन्ही बाजूंना कपाशीची शेते, त्यात वाकलेल्या बायका आणि दूरवर उघडे डोंगर. आमच्या कृष्णेकाठच्या डोळ्यांना हा मुलूख रुक्ष वाटतो, पण त्याच्यात एक ऐसपैसपणा आहे. टायर चढल्यावर रसूलभाईंनी टपावरच्या माणसाला ओरडून विचारले की मागे राहिलेला म्हातारा येतो आहे का. वरून उत्तर आले, ‘येस, येस!’ तात्या मला म्हणाले, पाहा, हे खूळ कुठवर पोचले आहे. मीही मान डोलावली.

दोंडाईच्याच्या अलीकडे जमिनीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. उघड्या रानात नजर पोचेल तिथवर लालच लाल, आणि वाऱ्याबरोबर असा खाट आला की मोटारीतली सगळी माणसे एकदम शिंकायला लागली. तात्यांनी उपरण्याने तोंड बांधून घेतले, ते गावात शिरेपर्यंत सोडले नाही.

पाहायची मुलगी एका धान्याच्या व्यापाऱ्याची विधवा सून, अंबू. चांगली बोलकी आणि धीट. तिने आपण होऊनच सांगितले की मुलगा अजून अंगावर पितो, त्याला टाकून मी येणार नाही आणि घरचे त्याला आणूही देणार नाहीत, तेव्हा माझी जागा दुसरीला द्या. मला तिचा फार आदर वाटला. पण दुसरी कोण? खानदेशची जागा रिकामी घेऊनच परत जायचे, हे नक्की झाले.

तात्या पुढच्या पडवीत जेवायला बसले आणि मी चुलीपाशी गेले. अंबूची आजेसासू, जिला सगळे अक्का म्हणत, भाकरी थापत होती. इथे ज्वारीत उडीद मिसळून दळतात, त्याला कळणा म्हणतात. कळण्याची भाकर, वर तेल आणि लाल ठेचा. अक्कांच्या तोंडात एक दात नव्हता, पण हात असे चालत होते की भाकर परातीत आपोआप फिरते आहे असे वाटावे. त्यांनी मला न्याहाळून घेतले. एवढी शिकलेली बाई पाहून त्यांना जो एक प्रश्न पडला होता तो त्यांनी विचारला.

‘बाई, तुले कळनानी भाकर थापता येस का?’

मी नुसतीच पाहत राहिले. मला ऐकू आले नाही असे वाटून त्यांनी आवाज चढवला. ‘भाकर, भाकर. येस का नही?’

अंबू हसत म्हणाली, ‘अक्का विचारतात, तुम्हाला करता येते का. आमच्या खेड्यांकडं ‘येते’ला ‘येस’ म्हणतात.’

वाचता येतं? येस. हिशेब येतो? येस. शिवण येते? येस. इंग्रजी येतं? नही. चारी प्रश्नांना चार सरळ, खरी उत्तरे. मी त्या चुलीपाशीच बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. अक्कांना वाटले, धूर लागला, म्हणून त्यांनी फुंकणी उचलली.

पडवीत जाऊन तात्यांना सांगितले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुतला. ‘मी तिला खोटी म्हटलं,’ ते म्हणाले. ‘तिच्या भावाच्या देखत म्हटलं.’ मग त्यांनी विचारले की धुळ्याला परत जाणारी मोटार केव्हा आहे.

दुसऱ्या दिवशी रसूलभाईंच्याच मोटारीत बसलो. त्यांना सगळे सांगितले तेव्हा ते आधी मोठ्याने हसले. म्हणाले, बाई, मला इंग्रजीतले हाफ तिकीट आणि ब्रेक एवढेच येते. पुढे पाटाची गोष्ट ऐकल्यावर ते हसायचे थांबले आणि धुळे येईपर्यंत मोटार कुठे फारशी थांबवलीही नाही.

पांझरेकाठी

मुख्य बाईंनी बैलांची दमणी करून दिली. निघताना त्या एवढेच म्हणाल्या की कशावरून खोटे, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. खेड्याच्या अलीकडे नदीला दगडी बंधारा आहे, त्याचे पाणी पाळीपाळीने सगळ्या शेतांना मिळते. इतक्या उजाड वाटेनंतर तिथला हिरवा ऊस पाहून डोळे निवले, पण माझे लक्ष त्यात नव्हते. आम्ही उशीर तर केला नाही, एवढेच मनात घोळत होते.

हिरामण घरापुढच्या ओट्यावर दोर वळत बसला होता. आम्हाला पाहून उठला, पाणी दिले, घोंगडी अंथरली. पाहुण्याला द्यायचा मान त्याने दिला, पण चेहरा बंद होता. तात्यांनी आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. चूक आमची झाली, बहीण तुझी खरे बोलत होती, आम्हाला तुमचे बोलणे कळले नाही, आणि जागा तिचीच आहे.

हिरामणने दोर पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, ‘तुम्हीन नही म्हना, मंग मी तेसले हां सांगी दिधं. आते शब्द फिरावू का मी?’

दिलेला शब्द मोडणे म्हणजे काय, हे कोणत्याही गावात सांगावे लागत नाही. आम्ही नको म्हटले म्हणून त्याने तिकडे होकार कळवला होता, आणि आता आमच्यासाठी त्याने चारचौघांत खाली मान घालावी असे आम्ही मागत होतो. तात्या म्हणाले, ‘शब्द माझ्यामुळं गेला. मी तुझ्याबरोबर त्या घरी येतो. मीच हात जोडून सांगतो.’ हिरामण पुन्हा दोर वळू लागला.

इतक्यात सुपडाबाई शेतातून आली. कमरेला बांधलेल्या फडक्याच्या ओट्यात कापूस भरलेला होता. भावानेच तिला थोडक्यात सांगितले. ती ऐकत असताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे टाळत होते, पण ती आम्हाला काही लावून बोलली नाही. कमरेचा ओटा सोडून कापूस घरात टाकून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

‘माले येत व्हतं, तेच सांगं मी,’ ती म्हणाली.

मी म्हटले, होय, आणि म्हणूनच आम्ही न्यायला आलो आहोत. यावर तिने नकाराची मान हलवली. ‘अशी येवाव नही मी. तुम्हीन चुकनात म्हनीसन जागा नको. परीक्षा ल्या.’

तात्या चकित झाले. मला मात्र तिचे म्हणणे लगेच कळले. आमच्या पश्चात्तापावर ती पुण्याला आली असती तर जन्मभर उपकाराखाली राहिली असती. तिला जागा हवी होती ती स्वतःच्या बळावर. वाईच्या ओसरीवर मला असे बोलायचे धाडस झाले नसते, मी मिळेल ते दोन्ही हातांनी घेतले.

परीक्षा तिथेच सुरू झाली. शेजारच्या बायका कामे टाकून आल्या, लुगड्यांचे पदर सावरत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पुस्तक दिले. तिने वाचले ते सावकाश, पण स्वच्छ, कुठे अडखळली तर तो शब्द परत घेऊन. पुस्तकातली भाषा तिच्या तोंडून पोथीसारख्या सुरात येत होती. श्रावणात हीच आम्हाला वाचून दाखवते, असे एका म्हातारीने मला हळूच सांगितले. पावकी, निमकी, बेरीज, भागाकार झाले. तात्यांनी कडक चेहऱ्याने एकेक प्रश्न घातला. सवलत द्यायची नाही हे त्यांनी ठरवलेले दिसत होते, आणि तिलाही तेच हवे होते. हिरामणच्या हातातला दोर केव्हाच थांबला होता.

शेवटी तात्यांनी पाटीवर दशांश अपूर्णांकाचे एक गणित लिहिले. चौथीत ते येत नाही. ते त्यांनी का घातले हे मी त्यांना अजून विचारलेले नाही. तिने पाटी घेतली. आकडा ओळखीचा, पण मध्ये ते टिंब. तिने बोट टिंबाजवळ नेले, मागे घेतले, पुन्हा पाहिले. बायका एकमेकींत कुजबुजल्या. हिरामण पुढे सरकून बसला. मला वाटले, आता ही अंदाजाने काहीतरी लिहील, मीसुद्धा लिहिले असते.

तिने पाटी तात्यांच्या हातात परत दिली.

‘हाई माले येत नही, आबा,’ ती म्हणाली. ‘म्हनीसनच शिकाले येस मी.’

तात्यांनी पाटी पुसली नाही. ती तशीच मांडीवर घेऊन ते बसून राहिले. हिरामण उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा डोक्याला पागोटे होते आणि पायांत वहाणा.

‘चला आबा,’ तो कलत्या उन्हाकडे पाहून तात्यांना म्हणाला, ‘दिवस शे तठलोंग तेसना घर जाई येऊत.’